उसाच्या केंद्रकातली मेंढी

उसाच्या पेशीत मेंढी राहते, हा शोध जगात पहिल्यांदा मी लावला. नुसता लावला नाही. त्याला नाव ठेवलं, अख्ख्या डिपार्टमेंटला मिसळ चारली आणि शिरोळच्या एका शेतकऱ्याला फोन करून सांगितलं की उभा ऊस तोडू नका. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची पोर होते. अक्कल यायची होती.

आता पासष्टी उलटली. नात विचारते, "आजी, तू सायंटिस्ट होतीस म्हणजे दिवसभर काय करायचीस?" तिला मी हीच गोष्ट सांगते. ती पोट धरून हसते. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त आधी माझं काम काय होतं ते थोडक्यात ऐका, म्हणजे नक्की कुठे हसायचं ते कळेल.

कोल्हापुरात मी तीस वर्षं एकच काम केलं. झाडांच्या पेशीतल्या केंद्रकात कुठली प्रोटीन असतात ते शोधायचं. पेशी म्हणजे एक साखर कारखाना समजा. आवारात गाड्यांची रांग, चिपाडाचे ढीग, मळीचा वास, बॉयलरचा धूर, आरडाओरडा. आणि एका बाजूला छोटंसं ऑफिस. ते केंद्रक. कारखान्याने आज काय चालवायचं आणि काय बंद ठेवायचं याचे सगळे कागद त्या ऑफिसात. ते कागद म्हणजे डीएनए. कागद इतके लांब की गुंडाळल्याशिवाय मावत नाहीत. गुंडाळायला रिळं लागतात, आणि ती रिळं प्रोटीनची असतात. त्यांना हिस्टोन म्हणतात. रीळ घट्ट असलं की कागद वाचता येत नाही, सैल झालं की वाचता येतो. थोडक्यात, कुठली फाईल उघडायची आणि कुठली दाबून ठेवायची हे ऑफिसातले क्लार्क ठरवतात. मी जन्मभर त्या क्लार्कांच्या मागे होते.

अडचण अशी की क्लार्कला भेटायला आधी अख्खं आवार ओलांडावं लागतं. पान वाटलं की सगळा कारखानाच एकमेकांत कालवला जातो. त्यातून केंद्रकं तेवढी वेगळी काढायची. आणि तीही थंडीत, कारण पेशी फुटली की तिच्यातलीच काही प्रोटीन कात्रीसारखी बाकीच्यांना कापत सुटतात. गारठ्यात त्या कात्र्या सुस्तावतात. म्हणून आमचं निम्मं काम कोल्ड रूममध्ये चालायचं. चार डिग्री. फ्रीजमध्ये उभं राहून स्वयंपाक करायचा, असं समजा.

त्या कोल्ड रूमसाठी माझा खास स्वेटर होता. बदामी रंगाचा, अस्सल लोकरीचा, सासूबाईंनी विणलेला. कोपरापाशी लव सुटलेली. तो अंगात चढवला की मला आपण फार मोठ्या शास्त्रज्ञ आहोत असं वाटायचं. ॲप्रन खिळ्याला टांगलेला असायचा. ॲप्रन विद्यार्थ्यांनी घालायचा असतो, अशी माझी समजूत होती.

तर त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरोळकडच्या रानांत शिरलं आणि बरेच दिवस हललंच नाही. माझी पीएचडीची विद्यार्थिनी वैशाली कोडोलीची. तिची मावशी शिरोळजवळच्या एका गावात दिलेली. मावशीचा फोन आला, की इथं सगळ्यांचा ऊस शेंड्यापासून कुजायला लागलाय, पण भरमू आण्णांचा पाच गुंठ्यांचा एक तुकडा पाण्यातसुद्धा हिरवागार उभा आहे.

पाणी उतरल्या दिवशीच आम्ही तिथे पोचलो. भरमू आण्णा साठीचे. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांनी कधीतरी सीमेपलीकडून आणलेला बिननावाचा ऊस त्या पाच गुंठ्यांत होता. बांधापलीकडे शेजाऱ्याचा नेहमीचा कारखान्याचा ऊस. दोन्ही सारखेच बुडाले होते. अलीकडचा तरतरीत, पलीकडचा मरणाच्या वाटेवर. मला तर चिखलात नाचावंसं वाटलं. एकच पाणी, एकच गाळ, मध्ये एक बांध! असा प्रयोग मी लॅबमध्ये रचायला गेले असते तर जन्म गेला असता.

वैशालीने दोन्ही बाजूंचे पोंगे कापले. पोंगा म्हणजे शेंड्याची न उलगडलेली कोवळी पानं. ते तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनच्या डब्यात टाकले. डब्यातून पांढरा धूर यायला लागला.

"काय शिजवतासा?" आण्णांनी विचारलं.

"शिजवत नाही, गोठवतोय."

"धूर तर येतोय."

"तो गार धूर आहे."

"असंल," आण्णा म्हणाले. मग उसाकडे बघत म्हणाले, "मॅडम, गाळ लई बसलाय. थंडीत टोळी आली की सगळं रान तोडून नांगर घालायचा हाय. ह्यो तुकडा बेणं म्हणून ठिवू, का तोडू?"

बेणं म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस. तो राखला नाही तर नांगर फिरल्यावर त्या बिननावाच्या उसाचं काही उरणार नव्हतं. आणि राखला पण फुसका निघाला, तर एकदा गेलेली ऊसतोडीची टोळी पाच गुंठ्यांसाठी परत येत नाही. ऊस जागेवर वाळून जातो. एवढा मोठा प्रश्न. मी चिखलात कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "मी सांगते तुम्हाला, आण्णा. सायन्स सांगेल."

सायन्स बिचारं कोल्हापुरात होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

काम सुरू झालं. मी वाटणी केली. आण्णांचा ऊस मौल्यवान, म्हणून तो माझ्या हाताने. पलीकडचा मरतुकडा ऊस तुलनेपुरता, तो वैशालीने करायचा. कोल्ड रूममध्ये वैशाली नायलॉनचं जर्किन घालायची, त्यावर ॲप्रन, हातमोजे आणि केस टोपीत कोंबलेले.

"गॅस सिलिंडर दिसतेस गं," मी म्हणायची.

"दिसू दे. तुम्ही पण ॲप्रन घाला की मॅडम."

"मी ॲप्रन घालून लेक्चरं घेत होते तेव्हा तू रांगत होतीस."

ती गप्प बसायची. कोडोलीची माणसं गप्प बसली म्हणजे पटलं असं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पोंगे वाटायचे. श्रीखंडाचा चक्का बांधतो तसल्या पातळ कापडातून गाळायचे. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, हळू फिरवायचे. केंद्रकं जड, ती तळाशी बसतात. त्यातली प्रोटीन सोडवून घ्यायची आणि जेलवर पळवायची. जेल म्हणजे चायना ग्राससारखी थरथरती पातळ वडी. तिच्यात विजेच्या जोरावर प्रोटीन धावतात. छोटी सुळकन खाली जातात, मोठी वर अडकतात. शेवटी चांदीचा रंग दिला की प्रत्येक प्रोटीन जिथे थांबलं तिथे एक गडद रेघ उमटते.

पहिला जेल रंगवला आणि मी ओरडलेच. आण्णांच्या उसात वरच्या बाजूला एक रेघ. जाड, काळीभोर. पलीकडच्या उसात ती जागा कोरी! मी दुसरा जेल केला. तेच. तिसरा केला. तेच! माझ्या सगळ्या ट्यूबांत रेघ, वैशालीच्या एकाही ट्यूबमध्ये नाही. पाण्यात उसाला जगवणारा क्लार्क सापडला होता, आणि तोही आमच्या कोल्हापुरात.

वैशाली जेलवर वाकून बघत होती. "मॅडम, खाली पण एक आहे. बघा, हिस्टोनच्या जरा वर. पुसट आहे, पण तुमच्या ट्यूबांतच आहे."

"ती धूळ असेल. वर बघ, वर!"

तिने वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी काय लिहिलं ते विचारलं नाही. मी नाव शोधण्यात गुंतले होते. त्या रेघेला मी 'पंचगंगा' असं नाव ठेवलं. संध्याकाळी सगळ्यांना मिसळ. कट जरा जास्तच मागवला. हेडसाहेब नाक पुसत म्हणाले, "मॅडम, आता परदेशात बोलावणं येणार." मी लाजले. लाजले आणि मनात कुठली साडी नेसायची ते ठरवलं.

मग भरमू आण्णांना फोन लावला.

"आण्णा, ठेवा! तोडू नका! सापडलंय!"

"काय सापडलंय?"

"प्रोटीन! तुमच्या उसाच्या केंद्रकात!"

आण्णा म्हणाले, "बरं."

एवढंच. भारावून गेले असतील, असं मला वाटलं.

ती काळी रेघ ब्लेडने कापून आम्ही पुण्याच्या एका लॅबला पाठवली. तिथे एक मशीन असतं. ते प्रोटीनचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वजन घेतं आणि ती वजनं जगातल्या माहीत असलेल्या प्रोटीनांच्या यादीशी ताडून बघतं. उसाची पूर्ण यादी तेव्हा हाताशी नव्हती. ऊस आणि ज्वारी जवळचे नातलग, म्हणून आम्ही ज्वारीच्या यादीवर भागवायचो. उत्तर ज्वारीशी जुळणार याची मला खात्री होती.

एका सकाळी पुण्याहून तिथल्या तरुणाचा फोन आला. आवाज फार अदबीचा.

"मॅडम, सॅम्पल उसाचंच होतं ना?"

"उसाचंच. का?"

"नाही, म्हणजे जुळलंय. छान जुळलंय."

"ज्वारीशी ना?"

"मेंढीशी."

"कशाशी?"

"मेंढी, मॅडम. केरॅटिन आहे. लोकरीतलं." मग आवाज आणखी खाली आणून त्याने विचारलं, "तुमच्या लॅबच्या आवारात काही पाळलंय का?"

मी फोन ठेवला. समोर वैशाली उभी होती. फोनचा आवाज मोठा, तिने सगळं ऐकलं होतं. तिने फक्त माझ्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवर पंचगंगा लटकत होती. बदामी रंगाची, कोपरापाशी लव सुटलेली.

झालं होतं ते सगळं मला एका क्षणात दिसलं. आण्णांचा ऊस मी केला, स्वेटर घालून. पलीकडचा वैशालीने केला, जर्किन आणि ॲप्रन घालून. गाळताना, ओतताना माझ्या बाहीची लव ट्यूबमध्ये पडत होती. चांदीचा रंग इतका तीक्ष्ण की बारीकशी लवसुद्धा त्याला पुरते. म्हणजे माझा प्रयोग उसावर झालाच नव्हता. एका बाजूला स्वेटर आणि दुसऱ्या बाजूला जर्किन, यांची तुलना मी तीन वेळा करून बघितली होती, आणि तिन्ही वेळा स्वेटर जिंकला होता.

हसू यायला हवं होतं. पण मला आठवला तो फोन. ठेवा, तोडू नका, सापडलंय.

वैशालीने लगेच मावशीला फोन लावला. मावशीने सांगितलं, टोळी गावात आली आहे. आण्णांचं बाकीचं रान तोडून झालं. पाच गुंठे त्यांनी सोडायला लावले, त्यावरून मुलाशी वाद झाला, मुकादमही कुरकुरला. टोळी आता बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानात आहे. शेंडा कुजला तरी खालचं कांडं गाळायला चालतं, म्हणून तेवढं काढून नेतायत. आणखी चार दिवस. मग पुढच्या गावाला.

"मी आत्ताच आण्णांना सांगते, तोडून टाका," मी म्हणाले. फोन हातात घेतलासुद्धा.

"कशाच्या जोरावर?" वैशाली म्हणाली.

"म्हणजे?"

"ठेवा म्हणालो ते न बघता म्हणालो. आता तोडा पण न बघताच म्हणायचं? चार दिवस आहेत मॅडम. एकदा नीट करून बघू. मग काय ते सांगू."

मी फोन खाली ठेवला. उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून आठ पुड्या पोंगे उरले होते. चार आण्णांचे, चार पलीकडचे. एवढे वापरले की संपलं. पूर परत मागवता येत नाही.

या वेळी नियम वैशालीने घातले. स्वेटर लॅबच्या बाहेर. आठही पुड्या एकाच माणसाने करायच्या, आणि त्या माणसाला कुठली पुडी कुणाची ते कळता कामा नये. त्यासाठी ऑफिसातल्या शिंदेबाईंना बोलावलं. त्या आमच्या क्लार्क. खऱ्या क्लार्क, प्रोटीनच्या नव्हेत.

"मला काय कळतंय त्यातलं?" शिंदेबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तुम्ही," वैशाली म्हणाली.

शिंदेबाईंनी चिमट्याने एकेक पुडी धरून जुनी चिठ्ठी काढली आणि मनाला येईल तसे एक ते आठ नंबर बांधले. कुठला नंबर कुणाचा ते एका कागदावर लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

"आता हे सगळं एकाच हाताने करायचं," मी म्हणाले. "कुणाच्या?"

वैशाली गप्प.

"माझा हात तीस वर्षं मुरलेला आहे," मी म्हणाले.

वैशाली गप्प.

"बरं बाई, तुझ्या."

तीन दिवस मी बर्फ आणला. बर्फाचं मशीन खालच्या मजल्यावर, लॅब वरती. बादली भरायची, जिना चढायचा, वैशालीच्या टेबलावर ठेवायची. मीही दुकानातून नायलॉनचं जर्किन आणलं. वरून ॲप्रन, केस टोपीत. आरशात बघितलं तर दोन गॅस सिलिंडर शेजारी शेजारी.

पण तुम्हाला खरं सांगते, त्या तीन दिवसांत जी मजा आली ती त्या मिसळीच्या दिवशी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी वैशालीने केंद्रकांचा एक थेंब काचेवर घेतला, रंग घातला आणि मला मायक्रोस्कोपशी बोलावलं. काळ्याभोर अंधारात निळे गोल. शेकडो. एकेक जपून सोललेला, आजूबाजूला कचऱ्याचं नाव नाही. आवारातला सगळा धूर, मळी, चिपाड निघून गेलेलं आणि नुसती ऑफिसं दिवे लावून बसलेली. तीस वर्षं बघत होते, तरी तोंडातून "अगं बाई!" निघालंच.

"माझी इतकी स्वच्छ कधी आली नाहीत," मी म्हणाले.

"ॲप्रन," वैशाली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेल तयार झाला. चांदीचा रंग देऊन झाला. आता रेघा उमटवणारं पाणी ओतायचं. ते ओतलं की चार-पाच मिनिटांत चित्र येतं. मला त्या मिनिटांचं अजून स्वप्न पडतं. डबी दोघींनी दोन्ही बाजूंनी धरली, झोके देत. आधी काहीच नाही. मग पिवळसर झाक. मग एकेक रेघ धुक्यातून माणूस यावा तशी.

"नऊ रांगा कशा?" मी विचारलं. "आपले तर आठ होते."

"नववी तुमच्या स्वेटरची. एक धागा उकळून घातलाय."

आणि तेवढ्यात ती आलीच! काळीभोर, जाड, नवव्या रांगेत. पंचगंगा, आपल्या ठरलेल्या जागी, अगदी केसाइतकाही फरक नाही. बाकीच्या आठ रांगांत ती जागा कोरी. मी माझ्या प्रोटीनला शेवटचा नमस्कार केला.

"मॅडम, खाली बघा."

मी खाली बघितलं. हिस्टोनच्या जरा वर, पुसट, बारीक रेघ. सगळीकडे नाही. दुसऱ्या रांगेत होती. तिसऱ्या, सहाव्या, आठव्या रांगेत होती. पहिल्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या रांगेत नव्हती.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि ऑफिसकडे पळालो. हो, पळालो. मी पंचावन्न वर्षांची, जर्किन, टोपी, हातमोज्यांसकट. शिंदेबाई जेवत होत्या.

"पाकीट!"

"थांबा की, घास तरी संपू दे."

"शिंदेबाई, पाकीट!"

त्यांनी डाव्या हाताने पिशवी चाचपली, पाकीट काढलं, चष्मा लावला. "एक, पलीकडचा. दोन, आण्णा. तीन, आण्णा. चार, पलीकडचा."

वैशालीने माझा दंड धरला.

"पाच, पलीकडचा. सहा, आण्णा. सात..."

"पलीकडचा," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आणि आठ आण्णा!"

"आठ आण्णा," शिंदेबाई म्हणाल्या. "मग माझ्याकडून पाकीट कशाला ठेवून घेतलं, तुम्हाला सगळं पाठच होतं तर?"

मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या हातातली भाकरी माझ्या ॲप्रनला लागली. लागू दे. पहिल्याच दिवशी वैशालीने जी रेघ वहीत पेन्सिलीने टिपून ठेवली होती तीच ही. मी जिला धूळ म्हणाले होते.

वैशाली मात्र दोनच मिनिटं हसली. मग गंभीर. "मॅडम, रेघ खरी आहे. पण हे दोन वेगळे ऊस आहेत. ही रेघ नुसती जातीची ओळख पण असू शकते. पाण्याशी तिचा संबंध आहे का, आपल्याला माहीत नाही."

"नाही माहीत," मी म्हणाले. हे दोन शब्द मी त्या वर्षी पहिल्यांदाच वापरले असावेत.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती पुसट रेघ आम्ही पुण्याला पाठवली आणि ती खरंच ज्वारीशी जुळली. एच-वन नावाच्या हिस्टोनचा एक प्रकार निघाला. रिळावर धागा गुंडाळून झाला की वरून चिमटा लावतात ना, तसं हे प्रोटीन. झाडावर संकट आलं की काही झाडं हा चिमटा बदलतात असं दिसतं. आण्णांच्या उसाने तो का बदलला आणि त्याचं पुढे काय होतं, यावर वैशालीने पाच वर्षं घालवली. डॉक्टर झाली. आता तिची स्वतःची लॅब आहे, दारावर पाटी आहे, 'लोकरीचे कपडे घालून आत येऊ नये'. लोकांना ते नियमावलीतलं कलम वाटतं. ज्यांना गोष्ट माहीत आहे ते मला बघून खोकतात.

पण तेव्हा यातलं काहीच हातात नव्हतं. होती ती एक पुसट रेघ आणि टोळीचा शेवटचा दिवस.

आम्ही एसटीने जयसिंगपूरला उतरलो आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावात पोचलो. बांधापलीकडे कोयते चालले होते, ट्रॅक्टर उभा होता. अलीकडे, तुटलेल्या मोकळ्या रानाच्या मधोमध, तो पाच गुंठ्यांचा तुकडा एकटाच. आण्णा बांधावर बसले होते. आम्हाला बघून उठले.

"या पावणं. लवकर आलासा. रस काढाय सांगू?"

"रस नको, आण्णा. आधी माझं ऐका." मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लोकर, स्वेटर, मेंढी, सगळं. "मी फोनवर सांगितलं ते खोटं निघालं. एक दुसरं काहीतरी सापडलंय, पण त्यावरून आज मी तुम्हाला ठेवा पण सांगू शकत नाही आणि तोडा पण सांगू शकत नाही. टोळी आज आहे. तुमचं नुकसान माझ्या शब्दावर नको."

पलीकडे मुकादम कोयता थांबवून ऐकत होता. तो मोठ्याने म्हणाला, "उसात मेंढरू?" आणि सगळी टोळी हसायला लागली. वैशालीने तोंडाला पदर नव्हता म्हणून ओढणी लावली.

आण्णा हसले नाहीत. ते तुकड्यात शिरले, एका उसाचं वाळकं पाचट बाजूला करून डोळा दाखवला, म्हणजे ज्यातून नवा कोंब फुटतो तो. टपोरा होता. परत बांधावर येऊन बसले.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकले, ती इथेच सांगते कारण पुढे जागा नाही. ज्याला उत्तर ठराविक हवं असतं त्याने प्रयोगाला हात लावू नये. फार हात शिवशिवले तर बर्फ आणावा.

"म्हणजे माझ्या फोनमुळे तुम्ही टोळी थांबवली, मुलाशी भांडण झालं," मी म्हणाले. "मग आता काय करायचं ठरवलंय?"

"फोन?" आण्णांनी जरा आठवल्यासारखं केलं. "मॅडम, हा ऊस बेण्याला ठिवायचा ह्ये पानी उतरलं त्याच दिवशी ठरलंतं. पोरगं भांडतंय ते त्याच दिवसापासनं."

"मग मला विचारलं कशाला, ठेवू का तोडू?"

आण्णा म्हणाले, "पावणं एवढ्या लांबनं आलं, चिखलात हुबं ऱ्हायलं, त्यास्नी काय तरी इचाराय पायजे की. तुमच्या मशिनीत मेंढरू निघू दे, न्हाईतर हत्ती निघू दे. ऊस मी उसाकडं बघून ठिवलाय, तुमच्याकडं बघून न्हाई."